बादलीत उतरतो तो रंग कुठला?

नवा रंगीत कपडा पहिल्यांदा भिजवला की बादलीतलं पाणी रंगतं आणि घरात सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं मूठभर मीठ घाल, कोणी माडीचं व्हिनेगर घाल म्हणतं, कोणी तुरटीचा खडा फिरवायला सांगतं. फरक पडला असं वाटतंही. पुढच्या धुण्याला पाणी पुन्हा जांभळं होतं आणि सोबत टाकलेला पांढरा बनियनही.

घरी टाय अँड डाय, म्हणजे कापड बांधून रंगवण्याचं काम, करणाऱ्यांची खरी अडचण इथेच आहे. सुतळी कशी बांधायची, चक्र कसं काढायचं, हे कोणत्याही व्हिडिओत पाच मिनिटांत कळतं. रंग का जातो, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की बादलीत उतरणारा रंग बहुतेक वेळा कपड्याला कधी जोडला गेलेलाच नसतो. तो धाग्यांच्या मध्ये नुसता अडकून बसलेला असतो. त्याला मीठ-व्हिनेगर घालून ‘पक्का’ करायचा खटाटोप करण्यापेक्षा त्याला बाहेर काढणं सोपं, आणि टिकाऊपणाचं निम्मं काम त्यातच आहे. उरलेलं निम्मं काम रंग विकत घेताना होतं.

रंग कापसाला धरतो कसा

कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. त्याला रंग धरण्याच्या तीन मुख्य तऱ्हा आहेत आणि तिन्हींचं टिकणं अगदी वेगवेगळं.

पहिली तऱ्हा डायरेक्ट रंगांची. किराणा किंवा कटलरीच्या दुकानात मिळणारी, पाणी उकळून मीठ घालून वापरायची पुडी बहुधा याच जातीची असते. हे रंग सेल्युलोजच्या लांब साखळीला लागून पडून राहतात. त्यांच्यातलं आकर्षण कमजोर असतं, त्यामुळे प्रत्येक धुण्यात थोडा रंग सुटतो, आणि तो कधीच सुटायचा थांबत नाही. वापरायला सोपे, स्वस्त, म्हणून लोकप्रिय. टिकण्याच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

दुसरी तऱ्हा निळीची, म्हणजे इंडिगोची. नीळ पाण्यात विरघळतच नाही. तिचं क्षपण (ऑक्सिडेशनच्या उलट क्रिया) केलं की ती पिवळसर-हिरव्या रूपात विरघळते, तशीच धाग्यात शिरते, आणि कापड हवेत काढलं की डोळ्यांदेखत पुन्हा निळी होऊन आतच अडकते. पाण्यात विरघळत नाही, म्हणून धुण्यात निघत नाही. वरवर बसलेली मात्र घासली की उडते. जीन्स गुडघ्यावर पांढरी पडते ती यामुळेच.

तिसरी तऱ्हा रिॲक्टिव्ह रंगांची, आणि टाय अँड डायसाठी हीच घ्यावी. यात रंगाचा रेणू सेल्युलोजशी प्रत्यक्ष रासायनिक बंध करतो. डायरेक्ट रंग कापडावर टाचणीने लावलेल्या फुलासारखा असेल तर हा शिवलेल्या बटणासारखा.

या शिवणीची गोष्ट गमतीची आहे. 1856 साली हिवतापावरचं औषध क्विनीन बनवायच्या प्रयत्नात असलेल्या अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनच्या हाती चुकून जांभळा रंग लागला आणि कृत्रिम रंगांचा कारखानदारी काळ सुरू झाला. पण तो जांभळा रंग रेशमावर छान बसायचा. कापसावर बसवायला आधी टॅनिनसारखं (हिरड्यात असतं ते तुरट द्रव्य) काहीतरी लावावं लागायचं. कापसाशी रासायनिक बंध करणारा रंग सापडायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली. रॅटी आणि स्टीफन या आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीतल्या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी 1954 मध्ये तो शोधला आणि 1956 मध्ये ‘प्रोसियन’ नावाने तो बाजारात आला. रंगाची चमक आणि धुण्यातला टिकाऊपणा दोन्ही एकत्र, तेही चुलीवर न चढवता, हे त्याआधी घरच्या माणसाला शक्यच नव्हतं.

आपल्याकडे हे रंग ‘कोल्ड ब्रँड’ किंवा ‘एम’ आणि ‘हॉट ब्रँड’ किंवा ‘एच’ अशा दोन जातींत मिळतात. घरी बाटलीने रंग ओतून करायचं असेल तर कोल्ड ब्रँडच मागा. हॉट ब्रँडला धाग्याशी जुळायला वाफ किंवा जवळजवळ 80 अंशांचं पाणी लागतं. तो बाटलीतून ओतून रात्रभर ठेवलात तर सकाळी सगळा मोरीत जाईल, आणि दोष उगाच तुमच्या हाताला लागेल. पुडीवर यातलं काहीच लिहिलेलं नसेल, फक्त ‘उकळत्या पाण्यात मिठासह’ असं असेल, तर तो डायरेक्ट रंग समजावा.

होळीचे रंग, खाण्याचे रंग, पोस्टर कलर यांचा कापसाशी काही संबंध नाही. फॅब्रिक पेंट हा वेगळा प्रकार. तो डिंकासारख्या द्रव्याने कापडाच्या वर चिकटतो, आत शिरत नाही. पानं-फुलं रंगवायला बरा. टाय अँड डायला नको, कापड पुठ्ठ्यासारखं होतं.

कापडाची ओळख

रिॲक्टिव्ह रंग सेल्युलोजला जोडले जातात, म्हणून कापड सेल्युलोजचंच हवं: सुती, लिनन, व्हिस्कोस रेयॉन. व्हिस्कोस तर सुतीपेक्षाही गडद रंग पकडतं, फक्त ओलं असताना ते कमजोर असतं, जोराने पिळू नये. पॉलिएस्टरला हा रंग धरत नाही म्हणजे नाहीच. टेरिकॉटसारख्या मिश्र कापडात सुताचा वाटा तेवढा रंगतो आणि सगळं फिकट, धुरकट दिसतं. शंभर टक्के सुती टी-शर्टची शिवण रंगवल्यावर पांढरी राहिली तर घाबरू नका, शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असतो.

कापड कशाचं आहे याची शंका असेल तर कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघावेत. सूत कागदासारखं जळतं, तसाच वास येतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि कडक मणी उरतो. हे न्हाणीत, बाजूला पाणी ठेवून करावं.

नव्या कापडाला खळ असते, शिवाय गिरणीतलं तेल-मेण. ते आधी काढलं नाही तर रंग खळीला धरतो आणि खळीबरोबर निघून जातो. म्हणून गरम पाण्यात साबण आणि चिमूटभर धुण्याचा सोडा घालून कापड एकदा नीट धुवायचं. कोऱ्या मांजरपाटाला हे दोनदा करावं लागतं. त्यावर पाण्याचा थेंब पटकन जिरला की कापड तयार झालं. कंडिशनर मात्र यात घालू नये, त्याचा थर रंगाला आत जाऊ देत नाही.

सोडा: कमाल आणि कटकट दोन्ही इथेच

कोल्ड ब्रँडचा रंग साध्या पाण्यात विरघळलेला असताना कापसाकडे फारसं लक्ष देत नाही. त्याला जागं करतो तो धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं, सेल्युलोजवरचे काही गट हायड्रोजन सोडून ऋणभारित होतात आणि रंगाच्या रेणूवर तुटून पडतात. बंध तिथे होतो.

अडचण अशी, की त्याच अल्कधर्मी पाण्यात रंगाला दुसरं गिऱ्हाईकही मिळतं: पाणी स्वतः. रंगाचे काही रेणू कापसाऐवजी पाण्याशी जुळतात. एकदा असं झालं की त्या रेणूची जोडणारी जागा संपली, तो पुन्हा कधीच धाग्याशी बंध करू शकत नाही. दिसायला मात्र तोच लाल, तोच निळा. हाच तो बादलीतला रंग. कितीही काळजी घेतली तरी काही वाटा असा वाया जातोच; रंगवणाऱ्याचं कसब म्हणजे हा वाटा कमी ठेवणं आणि झालेला वाटा निपटून काढणं.

यातून पहिला नियम निघतो: रंगाच्या बाटलीत सोडा घालू नये. सोडा मिसळलेला रंग तासाभरात मंदावतो आणि दुसऱ्या दिवशी तर नुसतं रंगीत पाणी असतं. त्याऐवजी कापड सोड्याच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवावं, घट्ट पिळावं, बांधावं आणि मग त्यावर साध्या पाण्यात केलेला रंग ओतावा. म्हणजे रंगाची आणि सोड्याची गाठ पडते ती थेट धाग्यावर.

सोड्याचं प्रमाण लिटरमागे 50 ते 60 ग्रॅम. इथे दुकानदाराने दिलेला सोडा पाहून घ्या. कोरडी भुकटी असेल तर हे प्रमाण बरोबर. पण काचेसारखे खडे असतील तर त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं आणि तेच काम व्हायला साधारण पावणेतीनपट वजन घ्यावं लागतं. ‘दिलेल्या मापाने केलं तरी रंग फिका आला’ या तक्रारीमागे मला बऱ्याचदा हे खडे दिसतात. खाण्याचा सोडा चालत नाही, तो फारच सौम्य. आणि कॉस्टिक सोड्याच्या वाटेला तर जाऊच नये. सोड्याचं पाणी ॲल्युमिनियमच्या टोपात करू नका, ते भांडं खातं. प्लास्टिकची बादली किंवा स्टील घ्यावं, आणि एकदा रंगाला वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

आपल्या गोव्यातल्या पाण्याबद्दल थोडं. जांभ्या दगडातल्या बऱ्याच विहिरींचं पाणी मऊ असतं, रंगकामाला उत्तम. बोअरचं पाणी मात्र तपासून घ्यावं. सोडा घालून ढवळल्यावर ते दुधाळ झालं आणि तसंच राहिलं तर पाणी जड आहे, त्यातला चुना सोड्याने खाली बसतोय. थोडा वेळ थांबून वरचं नितळ पाणी घ्या, नाहीतर पावसाचं धरलेलं पाणी वापरा. आपल्याकडे जूनपासून त्याला तोटा नाही. बादलीला तांबडा गंज धरवणारं लोहाचं पाणी रिॲक्टिव्ह रंगांना तितकं बाधत नाही, पण झाडपाल्याच्या रंगांना ते काळवंडून टाकतं.

रंग कालवण्याचं काम सोपं आहे. पाव लिटर पाण्याला दोन चमचे, म्हणजे पाचेक ग्रॅम, रंग घेतला की भरदार छटा येते. फिकट हवी तर निम्मा, काळ्याला दुप्पट. आधी थोड्या कोमट पाण्यात गुठळ्या मोडून मग पाणी वाढवावं. परदेशी कृतींमध्ये त्यात युरिया घालायला सांगतात. युरिया ओल धरून ठेवतो, आणि कोरड्या हवेच्या देशात त्याचा उपयोग आहे. आपल्याकडे हवाच इतकी दमट, की प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कापड दुसऱ्या दिवशीही चिंब असतं. शिवाय शेतीचा युरिया आता कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला मिळतो. मी तरी त्याच्या नादी लागत नाही.

पूड उडवायची नाही, हे मात्र गांभीर्याने घ्या. रिॲक्टिव्ह रंगांची भुकटी श्वासात गेल्याने कारखान्यांतल्या कामगारांना दम्याचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. पूड मोजताना पंखा बंद, तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, आणि पोरं बाहेर. एकदा पाण्यात विरघळली की ही भीती जाते. मग पोरांना बोलवा, रंग ओतण्याची मजा त्यांचीच. उरलेल्या कोरड्या पुडीला आपली दमट हवा मारते: डबीत ओल शिरली की पूड तिथेच पाण्याशी जुळून निकामी व्हायला लागते. घट्ट झाकणाची बरणी, आत चमचा न्यायचा तो कोरडा ठणठणीत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर मोठी खरेदी नको.

बांधणं

यावर फार लिहीत नाही, हात चालवला की येतं. रंग जिथे पोचू नये तिथे कापड इतकं घट्ट आवळायचं की पाणी आत शिरता कामा नये. चिंचोके, चणे, कवड्या आत धरून बांधले की गोल उमटतात. मधोमध चिमटीत धरून गोल फिरवलं की चक्र. पंख्यासारख्या घड्या घातल्या की पट्टे. राजस्थान-गुजरातच्या बांधणीतले बारीक ठिपके नखाने उचलून दोऱ्याने बांधलेले असतात आणि एका ओढणीत ते हजारोंनी असतात, त्या वाटेला पहिल्याच दिवशी जाऊ नये. रबर बँड पटकन लागतात, पण उन्हात तुटतात. मला सुतळीपेक्षा प्लास्टिकची बारीक दोरी बरी वाटते, कारण ती स्वतः रंग शोषत नाही.

रंगांची शेजारं मात्र विचार करून ठरवा. पिवळ्याला लागून लाल चालतो, मध्ये केशरी होतं. निळ्याला लागून पिवळा, मध्ये हिरवा. पण पिवळ्याशेजारी जांभळा किंवा लालशेजारी हिरवा ओतला तर मधल्या पट्ट्यात चिखल. तसे शेजारी हवेच असतील तर दोघांमध्ये पांढरी जागा सोडावी.

वाट बघणं

रंग ओतून झाला की कापड पिशवीत बंद करून ठेवायचं. ओलं असेपर्यंतच जोडणी होते. वाळलं की काम थांबलं. थंड देशांतल्या कृती चोवीस तास ‘उबदार जागी’ ठेवायला सांगतात, कारण त्यांची खोली वीस अंशांच्या आसपास असते. रासायनिक क्रियेचा वेग दर 10 अंशांना साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशोब आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पडवीतच तीस-बत्तीस अंश असतात, तेव्हा संध्याकाळी रंगवलेलं सकाळी धुवायला हरकत नाही. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः सत्तरी-सांगे तालुक्यांतल्या पहाटेच्या गारठ्यात, पिशवी घरात चुलीजवळ ठेवून पूर्ण दिवस द्यावा.

यात एक रंग हट्टी: फिरोजी. त्याचा रेणू मोठा आणि संथ, त्याला इतरांपेक्षा जास्त ऊब आणि जास्त वेळ लागतो. गुलाबी-लाल झटपट जुळतात. त्यामुळे फिरोजी मिसळून केलेला जांभळा किंवा हिरवा लवकर धुतला तर निळी बाजू वाहून जाते आणि छटा बदलते. समुद्राचा तो हिरवट निळा गोव्यात सगळ्यांनाच हवा असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पावसाळ्यात दोन दिवसांवर कापड पिशवीत विसरू नका. रंगाचं काम केव्हाच संपलेलं असतं, बुरशीचं सुरू होतं.

धुणं, म्हणजे खरं काम

इथे घाई केली तर वरचं सगळं पाण्यात. क्रम महत्त्वाचा आहे आणि प्रत्येक पायरीला कारण आहे.

आधी थंड पाणी, आणि गाठी न सोडता. नळाखाली धरून पाणी बऱ्यापैकी फिकं येईपर्यंत. या वेळी कापडात सोडाही आहे आणि न जुळलेला रंगही. त्यात गरम पाणी घातलं तर तो मोकळा रंग पांढऱ्या जागी जाऊन तिथे जुळायला लागेल. थंड पाण्याने सोडा निघून गेला की ही भीती संपते. मग वाहत्या पाण्याखालीच गाठी सोडाव्यात आणि अजून दोन-तीन पाणी थंडच द्यावीत. बादलीत भिजत ठेवू नये, रंगीत पाण्यात पांढरा भाग निवांत रंगत बसतो.

त्यानंतर गरम पाणी. आंघोळीच्या भाणातलं नव्हे, त्याहून पुष्कळ कढत: 60 अंशांच्या वर, जमल्यास उकळीच्या जवळचं, स्टीलच्या पातेल्यात, थोडा साबण घालून. पाण्याशी जुळून निकामी झालेला रंग आता अगदी डायरेक्ट रंगासारखा वागतो, धाग्याला लागून पडून राहतो. थंड पाण्याने तो थोडाथोडा, महिनोन्‌महिने सुटत राहील. उष्णतेने मात्र त्याची पकड ढिली होते आणि तो एकदम बाहेर येतो. पहिलं कढत पाणी भयंकर रंगेल. छान झालं. कापड अर्धा तास त्यात ठेवा, पाणी फेका, दुसरं घ्या. साधारण तिसऱ्या पाण्याला ते फिकं होतं. काळा, मरून, गडद निळा असेल तर आणखी एक-दोन. फ्रंट लोड मशीन असेल तर 60 अंशांचा प्रोग्राम दोनदा लावला तरी तेच.

झालं का हे कसं ओळखायचं? ओल्या कापडावर पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. तुकड्यावर रंग उतरला तर अजून एक कढत पाणी. नाही उतरला तर तो कपडा पुढे इतर कपड्यांत टाकायला मोकळा.

आता त्या मिठाचं. मीठ निरुपयोगी नाही, चुकीच्या वेळी वापरलं जातं. पाण्यात कापसाचा पृष्ठभाग ऋणभारित असतो आणि रंगाचे रेणूही ऋणभारित. दोघं एकमेकांना दूर लोटतात. मिठाने हे लोटणं कमी होतं आणि रंग कापडाकडे सरकतो. म्हणून सगळं कापड भांड्यात बुडवून एकरंगी करताना मीठ लागतंच. पण रंगवून झाल्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलं तर मोकळा रंग बाहेर यायच्या ऐवजी कापडावरच दाबून बसतो. पाणी स्वच्छ दिसतं, आपण खूश. पुढच्या धुण्याला मीठ नसतं, आणि तो निघतो.

व्हिनेगरचं त्याहून वाईट. लोकर, रेशीम, नायलॉन यांच्या ॲसिड रंगांना आंबट पाणी लागतं, तिथून हा सल्ला सुतापर्यंत आला असावा. कोल्ड ब्रँडच्या रंगाचा सुताशी झालेला बंध ॲसिडने हळूहळू तुटतो. म्हणजे मेहनतीने जोडलेलं आपणच सोडवतोय. शेवटच्या पाण्यात लिंबू, व्हिनेगर काही नको. तुरटी झाडपाल्याच्या रंगांसाठी, आणि तीही रंगवण्याआधी.

डायरेक्ट रंगाचा कपडा आधीच घरात असेल, तीन-चार कढत पाण्यांनंतरही तो जोरात सुटत असेल, तर त्याला ‘डाय फिक्सर’ नावाचं धनभारित द्रव्य मिळतं. ते रंगाला धरून ठेवतं, थोडी छटा मंदावते, पण शेजारचे कपडे वाचतात.

वाहणं वेगळं, विटणं वेगळं

धुण्यात न जाणारा रंगही उन्हात विटतो, आणि यात बंधाचा काही दोष नाही. ऊन रंगाच्या रेणूचाच तो भाग मोडतं ज्यामुळे रंग दिसतो. रेणू धाग्याला जोडलेला राहतो, फक्त रंगहीन होऊन. हणजुणेचा (अंजुनाचा) बुधवारचा बाजार सत्तरच्या दशकात हिप्पींनी सुरू केला, तेव्हापासून तिथे दिवसभर भर उन्हात कपडे टांगलेले असतात. टांगलेल्या कपड्याची बाहेरची घडी आणि आतली घडी ताडून पाहिली की ऊन काय करतं ते कळतं. फिकट छटा गडद छटांपेक्षा लवकर विटतात, कारण मुळात रेणूच थोडे.

उपाय साधा आहे. उलटा करून, सावलीत, वाऱ्यावर वाळवायचा. पश्चिमेच्या खिडकीला हौसेने टाय अँड डायचे पडदे लावू नयेत, किंवा दोन वर्षांनी पुन्हा रंगवायची तयारी ठेवून लावावेत. क्लोरीन हा दुसरा शत्रू: ब्लीचचा एक शिंतोडा पुरतो, आणि रिसॉर्टच्या तलावात रोज पोहायच्या टी-शर्टवर मेहनत करू नये. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने नीट धुतलेला रंग जात नाही. किनाऱ्यावर कपडा फिका पडतो तो डोक्यावरच्या उन्हाने.

हळद, भिरंडं आणि कांद्याची सालं

घरातलंच काहीतरी वापरून रंगवावं, ही हौस चांगली, पण टिकण्याच्या दृष्टीने सगळी सामग्री सारखी नाही. हळद कापसाला आनंदाने धरते, झळाळते, आणि उन्हात काही दिवसांत उतरते. तुरटीने ती धुण्यात थोडी सुधारते, उन्हापुढे नाही. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सोलांचा लालभडक रस पाहून मोह होतो. त्यातला रंग अँथोसायनिन जातीचा, आंबट असेपर्यंत लाल. साबण लागला की निळसर-हिरवट. सोलकढीचा डाग धुताना अचानक निळा का होतो, ते हेच. कापसाशी त्याची मैत्री तात्पुरतीच. बीटही त्याच पंक्तीतलं.

टिकणारं हवं असेल तर टॅनिन आणि तुरटी यांची जुनी वाट आहे: कापड आधी हिरड्याच्या काढ्यात, मग कापडाच्या वजनाच्या साधारण 15 टक्के तुरटीच्या पाण्यात, मग मंजिष्ठाच्या मुळांच्या काढ्यात. तुरटीतलं ॲल्युमिनियम धागा आणि रंग यांच्यात दुवा होतं. मंजिष्ठाचा लाल रंग आपल्या उपखंडात हडप्पा काळापासून सुतावर चढतोय. मोहेंजोदडोला सापडलेल्या सुती तुकड्यावर त्याच कुळातला रंग होता. कांद्याच्या सालांचा मधासारखा पिवळा या मानाने सोपा आणि हळदीपेक्षा पुष्कळ भरवशाचा. पण बांधून, ओतून, सात रंग एकत्र आणायचे असतील तर झाडपाला त्या कामाचा नाही. त्याला उकळावं लागतं, आणि भांड्यात एका वेळी एकच रंग.

उरलेलं

सोडा न घातलेला बाटलीतला रंग फ्रिजमध्ये आठवडाभर चालतो, बाहेर आपल्या उकाड्यात दोनेक दिवस. बाटलीवर ठळक लिहून ठेवा. फ्रिजमधलं लाल पाणी पोरांना सरबत वाटतं. शिळा रंग वापरायचाच असेल तर एखाद्या पायपुसण्यावर वापरावा, टी-शर्टवर नको.

रंगाचं आणि सोड्याचं पाणी शौचालयात किंवा सांडपाण्याच्या गटारात भरपूर पाण्यासोबत सोडावं. विहिरीच्या आसपास, ओहोळात, खाजणाच्या (खाडीकाठच्या खारजमिनीच्या) बांधावर नको. माडाच्या किंवा पोफळीच्या आळ्यातही नको: सोड्याने माती अल्कधर्मी होते. तुरटीचं पाणी थोडंसं असेल तर पुष्कळ पातळ करून अंगणाच्या कडेला चालेल.